पहिली लंडनवारी, बेताच्या पैशांत

लंडन महाग आहे, हे खरंच. पण त्यात नेमकं काय महाग आहे ते आधी वेगळं काढून बघा. राहायची खोली महाग आहे, हॉटेलात बसून जेवणं महाग आहे, टॅक्सी तर फारच महाग आहे. बघण्यासारखं जे आहे त्यातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र फुकट आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, टेट मॉडर्न, यांच्या कायमच्या संग्रहाला तिकीटच नाही. म्हणून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या, बेताची मिळकत असलेल्या कुटुंबाला मी बिनदिक्कत लंडन सुचवते.

मी कराडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, नवरा माध्यमिक शाळेत शिकवतो. मुलगी नववीत असताना आम्ही तिघं कुठल्याही सहल कंपनीशिवाय लंडनला गेलो. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांची आखणी मी त्यांच्यासोबत बसून केली आहे. प्रत्येकाला पहिलं हेच सांगते की ‘काय काय बघायचं’ ही यादी जरा बाजूला ठेवा आणि शहराचा नकाशा पुढ्यात घ्या. लंडनमध्ये पैसे तिकिटांवर जात नाहीत, ते इकडून तिकडे फिरण्यात आणि चुकीच्या जागी राहण्यात जातात.

दुसरं सांगते ते जरा कडक वाटेल. पहिल्या खेपेला एकच शहर करा. ‘एवढं लांब जातोय तर पॅरिसही करून येऊ’ हा मोह प्रत्येकाला होतो. पण फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याची फी वेगळी, रेल्वेचं भाडं वेगळं, आणि सामान उचलून पुन्हा नव्या हॉटेलात जायचं. तेवढ्या पैशात लंडनमधला मुक्काम वाढवता येतो.

कधी जायचं

आम्ही दोघंही शिक्षणक्षेत्रातले, त्यामुळे उन्हाळी सुट्टी सोयीची. मेमध्ये मुंबईहून विमानाची तिकिटं चढी असतात, हा त्यातला तोटा. फायदा असा की दिवस मोठा मिळतो. मेच्या मध्यात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. संग्रहालयं साधारण पाच-सहाला बंद झाली तरी पुढे तीन तास उजेडात नदीकाठी, बागांतून फिरता येतं आणि त्याला काही खर्च नाही. डिसेंबरात उलट, चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. भाडं स्वस्त दिसलं म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्याने हा हिशेब जरूर धरावा. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा शेवट बघावा.

थेट विमानापेक्षा आखातातल्या एखाद्या शहरात बदलून जाणारं विमान बहुधा स्वस्त पडतं. युरोपातल्या विमानतळावर बदलायचं असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तपासल्याशिवाय तिकीट काढू नका.

व्हिसा

अर्ज ब्रिटन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. प्रश्न सरळ असतात आणि मधल्या माणसाची गरज पडत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जावं लागतं, ते पुण्यातही आहे. सहा महिन्यांच्या साध्या पर्यटक व्हिसाची फी २०२५ मध्ये माणशी १२७ पौंड होती, आणि लहान मुलालाही तेवढीच. ही फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. केंद्रात अर्ज लवकर बघण्याच्या, एसेमेसच्या, खास खोलीत बसण्याच्या सेवा पुढे केल्या जातात. त्या सगळ्या ऐच्छिक आहेत. नको म्हणा.

व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला तीन गोष्टी पटायला हव्यात. खर्चाचे पैसे तुमचे आहेत, तुम्ही नक्की परत येणार आहात, आणि अर्जातलं सगळं एकमेकांशी जुळतं. म्हणून सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, आणि नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजूर केल्याचं पत्र जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून लाखभर रुपये घेऊन खात्यावर दाखवायचे, असा सल्ला फार लोक देतात. तो ऐकू नका. अचानक आलेली मोठी रक्कम संशय वाढवते. जे खातं वर्षभर चालतं तेच दाखवा आणि सहलीचा खर्च त्याला शोभेल एवढाच लिहा. शेती असेल तर सातबारा जोडायला हरकत नाही, पण मराठी कागदाला इंग्रजी प्रमाणित भाषांतर लागतं. आणि व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेल फक्त रद्द करता येणारंच बुक करा.

राहण्याची जागा: पिकॅडिली लाइनचा धागा धरा

माझ्या आखणीचा कणा म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची गडद निळी पिकॅडिली लाइन. नकाशावर तिच्यावरून बोट फिरवून बघा. ती हीथ्रो विमानतळापासून निघते. पुढे साउथ केन्सिंग्टनला उतरलं की तीन मोठी संग्रहालयं एका चौकात. ग्रीन पार्कला उतरून बागेतून चालत गेलं की बकिंगहॅम पॅलेस. लेस्टर स्क्वेअरहून नॅशनल गॅलरी पाच मिनिटांवर. रसेल स्क्वेअरहून ब्रिटिश म्युझियम. किंग्ज क्रॉसला ब्रिटिश लायब्ररी. म्हणजे या एका लाइनवर खोली घेतली की विमानतळावरून सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही आणि रोजचं फिरणंही सरळ होतं.

भाड्यासाठी शहराचे मधून बाहेर असे झोन, म्हणजे पट्टे, पाडलेले आहेत. मधल्या भागात, म्हणजे झोन एकमध्ये, खोल्या लहान आणि भाडी मोठी. बाहेर सरकत जा. हॅमरस्मिथ, ॲक्टन टाउन, किंवा उत्तरेकडे टर्नपाइक लेन, अशी नावं टाकून शोधा. एकच कसोटी लावा, ती म्हणजे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत. हाउन्सलो अजून स्वस्त पडतं, आपली माणसं आणि आपली दुकानंही खूप, पण ते झोन चारमध्ये असल्याने रोजचं भाडं वाढतं आणि जाण्या-येण्यात वेळ जातो. थोडे दिवसच जाणार असाल तर ते वाचवणं खरं वाचवणं नव्हे.

प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज अशा साखळी हॉटेलांत दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मावतील अशी कौटुंबिक खोली असते. दर विमानाच्या तिकिटासारखे चढत जातात, म्हणून लवकर बघा. एकटं-दुकटं जाणाऱ्याला वायएचए ही जुनी, स्वच्छ वसतिगृहांची संस्था आहे. आणि जून ते सप्टेंबरच्या दरम्यान जाणार असाल तर एक पर्याय आवर्जून तपासा. विद्यार्थी सुट्टीवर गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपल्या वसतिगृहातल्या खोल्या पर्यटकांना देतं. साध्या खोल्या, पण शहराच्या ऐन मध्यात. काहींत स्वयंपाकघरही वापरता येतं, ते बघूनच घ्या.

गाड्या आणि पैसे

हीथ्रोवरून शहरात यायला तीन रेल्वे आहेत. हीथ्रो एक्सप्रेस सगळ्यात महाग, तिच्याकडे बघूही नका. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन छान, झपाट्याने जाणारी. पिकॅडिली लाइनला तासभर लागतो, पण तिचं भाडं एलिझाबेथच्या निम्म्याहूनही कमी आहे.

तिकीट काढायची गरज नाही. टॅप करून चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे अजिबात घेत नाहीत, हे लक्षात ठेवा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवं आणि दिवसभर तेच वापरायचं, कारण दिवसाला एका मर्यादेनंतर भाडं कापणं थांबतं. झोन एक-दोनमध्ये ही मर्यादा नऊ-साडेनऊ पौंडांच्या आसपास आहे. शिवाय कार्डावर सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा असते. ती पाच दिवसांच्या खर्चाएवढी, म्हणजे उरलेले दोन दिवस फुकट. त्यामुळे जमलं तर सोमवारी पोचा. गुरुवार ते बुधवार राहिलात तर हा फायदा हातचा जातो.

अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट प्रवास करतात. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ‘यंग व्हिजिटर’ सवलत आहे. ओयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड, विकत घ्यायचं आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ती सवलत त्यावर घालून घ्यायची, की चौदा दिवसांपर्यंत भाडं निम्मं. ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही. आम्ही हीथ्रोच्या स्टेशनवरच मागून घेतली.

आता बसबद्दल. एका खेपेचं भाडं पावणेदोन पौंडांच्या आसपास, आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापले जात नाहीत. उघड्या छताच्या पर्यटक बसचं तिकीट काढण्याऐवजी साधी लाल १५ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरवरून पकडा, वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसा. सेंट पॉल कॅथीड्रल, जुनं व्यापारी शहर, टॉवर ऑफ लंडन, सगळं समोरून जातं. २४ नंबरची बस कॅम्डनहून ट्रफाल्गर स्क्वेअर आणि संसदेवरून जाते. घाई नसेल तेव्हा भुयारापेक्षा बस बरी, कारण शहर कसं जोडलेलं आहे ते तिच्यातून कळतं.

पैशांचं थोडक्यात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि टॅपचा वापर, दोन्ही चालू करा. परदेशी व्यवहारावर आपल्या बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लागतं, म्हणून शुल्क नसलेलं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड बघा. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत देणार की पौंडांत’ असं विचारतं, तिथे नेहमी पौंड निवडा. रुपयांतला भाव ते आपल्या सोयीने लावतात. रोख अगदी थोडी पुरते. घरी हिशेब मांडताना त्या दिवसाच्या पौंडाच्या भावावर पाच टक्के चढवून धरा, म्हणजे शेवटी बेरीज चुकत नाही.

फुकटचं लंडन, भागाभागाने

एका दिवशी एकच भाग. हा नियम मोडलात की पाय, पैसे आणि मन, तिन्ही थकतात.

साउथ केन्सिंग्टनचा दिवस मुलांचा. नॅचरल हिस्टरीच्या मोठ्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो बघायला सकाळी उघडताच जा. दुपारी रांग रस्त्यापर्यंत येते. प्रवेश फुकट असला तरी वेळेचं आरक्षण आधी करून ठेवता येतं. शेजारच्या सायन्स म्युझियममध्ये चंद्राला फेरी मारून आलेलं अपोलो १० चं यान आहे, परतताना पृथ्वीच्या वातावरणात शिरताना उष्णतेने करपलेला त्याचा तळ जवळून दिसतो. रस्त्यापलीकडच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये रोमच्या ट्राजन स्तंभाची पूर्ण आकाराची प्लॅस्टरची प्रतिकृती आहे. एवढी उंच की दालनात मावत नाही म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे. हे संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीही शुक्रवारी उशिरापर्यंत चालू. शुक्रवारची संध्याकाळ त्यामुळे कधीही हॉटेलात घालवू नका.

ब्रिटिश म्युझियमला जाताना आधी ठरवून जा. सगळं बघायला गेलं तर काहीच बघून होत नाही. आम्ही रोझेटा शिला, असिरियाची सिंहाच्या शिकारीची शिल्पं आणि अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीच्या दगडातले कोरीव तुकडे एवढंच ठरवलं होतं. अमरावतीचं दालन काचेमागे आहे. आपल्याच आंध्रातलं हे काम इतक्या लांब येऊन बघताना मन भरूनही येतं आणि अस्वस्थही होतं, आणि ते दोन्ही मुलीला मोकळेपणाने सांगावं असं मला वाटलं. मधल्या काचेच्या छताच्या चौकात गोल इमारत दिसते, ती १८५७ मध्ये उघडलेली जुनी रीडिंग रूम. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब आंबेडकर दिवसचे दिवस वाचत बसायचे, ते याच जागी. ग्रंथपालाला याहून मोठं तीर्थ कुठलं! आत जाता आलं नाही तरी बाहेरच्या भिंतीशी जरा वेळ थांबा.

तो ग्रंथसंग्रह आता किंग्ज क्रॉसजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथलं दुर्मीळ ग्रंथांचं दालन फुकट बघता येतं, मॅग्ना कार्टा आणि गुटेनबर्गचं बायबल तिथेच. इमारतीच्या मध्यभागी काचेच्या मनोऱ्यात तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथसंग्रह मजल्यांवर मजले उभा आहे. इंडिया ऑफिसची सगळी दप्तरंही याच लायब्ररीत आहेत, म्हणजे आपल्या दोन शतकांच्या कारभाराचे कागद.

नदीकाठचा दिवस ट्रफाल्गर स्क्वेअरपासून सुरू करा. बकिंगहॅम पॅलेससमोरची पहाऱ्याची बदली साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकराला असते. ती बघायची असेल तर आधी तिकडे. मग व्हाइटहॉलने खाली यायचं, संसदेसमोरच्या चौकात गांधीजींचा २०१५ मध्ये उभारलेला पुतळा बघायचा, पूल ओलांडून दक्षिण काठाने चालत टेट मॉडर्नपर्यंत जायचं आणि मिलेनियम पुलावरून सेंट पॉलला. संसदेचं कामकाज चालू असेल तर प्रेक्षक सज्जात बसून वादविवाद ऐकता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. रांगेत थोडं थांबावं लागतं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नवऱ्याने सगळ्या सहलीत सर्वांत आनंदाने घालवलेली दुपार तीच होती.

उंचावरून शहर बघायला लंडन आयला पैसे देऊ नका. फेनचर्च स्ट्रीटवरच्या स्काय गार्डनचा प्रवेश फुकट आहे, पण आधी ऑनलाइन जागा धरावी लागते. तारखा साधारण तीन आठवडे आधी, सोमवारी खुल्या होतात आणि लगेच संपतात. नाहीच मिळाली तर बिशप्सगेटवरचं होरायझन २२, तेही फुकट.

ग्रिनिचला जाताना डीएलआर या हलक्या रेल्वेने आयलंड गार्डन्सला उतरा आणि थेम्स नदीच्या खालून चालत पलीकडे जा. १९०२ मध्ये गोदी कामगारांसाठी बांधलेला हा बोगदा आजही वापरात आहे आणि मुलांना तो फार आवडतो. वेधशाळेच्या आवारात शून्य रेखांशावर उभं राहायला तिकीट लागतं. तीच रेषा आवाराबाहेरच्या भिंतीवर आणि वाटेवरही आखलेली आहे, तिथे पाय दोन्हीकडे ठेवून फोटो काढा. खालचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय फुकट. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन ट्रफाल्गरच्या लढाईत पडला तेव्हा अंगात असलेला कोट तिथे आहे.

टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत

हा दिवस कुठल्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमात मी पाहिलेला नाही, आणि मराठी माणसाने तो चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

सकाळी वॉर्विक ॲव्हेन्यू स्टेशनवर उतरा. जवळच हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या दहा नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक लंडनला आले आणि १९१८-१९ मध्ये या घरात राहिले. खटला ते हरले, पण त्या मुक्कामात स्वराज्याची बाजू ब्रिटिश लोकांसमोर मांडत राहिले. घर खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, दार वाजवू नका.

तिथून दोन पावलांवर लिटल व्हेनिस, म्हणजे कालव्यांचा संगम. रंगवलेल्या लांबोळ्या नावा काठाला बांधलेल्या असतात. इथून रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालत निघायचं. एजवेअर रोडपाशी कालवा बोगद्यात शिरतो, तेवढा भाग वरच्या रस्त्याने ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा काठावर उतरायचं. पुढे रीजंट्स पार्कची कड लागते, प्राणिसंग्रहालय कालव्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे, त्यातलं काही काठावरूनच दिसतं. तिथे पुलावरून वर येऊन प्रिमरोझ हिलवर चढा. टेकडी साठेक मीटरचीच, आमच्या कराडच्या आगाशिव डोंगरापुढे काहीच नाही, पण माथ्यावरून सेंट पॉलच्या घुमटापर्यंतचं शहर पसरलेलं दिसतं. डबा इथेच सोडा.

टेकडीच्या उत्तरेला किंग हेन्रीज रोड. दहा नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. प्रवेश फुकट आहे, पण उघडण्याचे वार आणि वेळा निघण्याआधी तपासा. घर चार माणसांच्या घरांसारखंच आहे, ओळीतलं एक. या घरातून रोज ग्रंथालयापर्यंतचं अंतर नकाशावर मोजून बघा, म्हणजे त्या दिवसांतले कष्ट कळतात. पाहून झालं की चॉक फार्म स्टेशनवरून गाडी, किंवा उतारावरून चालत कॅम्डनच्या बाजारात.

सगळं अंतर रमतगमत अर्ध्या दिवसाचं. वयस्कर माणसं सोबत असतील तर कालव्याचा भाग सोडून दोन्ही घरं बसने जोडा.

पैसे द्यायचेच तर

प्रत्येक कुटुंबाने एकच तिकिटाची जागा निवडावी, फार तर दोन. आमची टॉवर ऑफ लंडन होती. मोठ्या माणसाला पस्तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे थोडं नाही. पण कोहिनूर तिथे आहे, आणि अर्धा दिवस पुरेल एवढा इतिहास आहे. उघडताच जा आणि आधी दागिन्यांच्या दालनात शिरा, गर्दी नंतर वाढते. अनेक ठिकाणं एकत्र देणारे पास घेऊ नका. पैसे वसूल करायच्या नादात दिवसाला चार जागा धावत बघाव्या लागतात आणि त्यात फुकटचं, जास्त मोलाचं, राहून जातं.

वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉलला पर्यटक म्हणून तिकीट आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र कोणीही जाऊन बसू शकतं. ती प्रार्थना आहे हे मनात ठेवून जा. फोटो काढायचे नाहीत, मधून उठायचं नाही. त्या दगडी कमानींखाली मुलांचा गायनवृंद ऐकायला मिळतो. नाटकाची आवड असेल तर शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये अंगणात उभं राहून बघायची तिकिटं पाच-दहा पौंडांपासून मिळतात.

पोटाचं

घरून न्यायच्या पिशवीत थालीपिठाची भाजणी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि उपम्याचं भाजून ठेवलेलं पीठ असू द्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही नकोत. हॉटेलच्या खोलीत किटली असते, सकाळचा उपमा त्या पाण्यावर होतो.

दुपारी टेस्को किंवा सेन्सबरीजमधलं ‘मील डील’ घ्या. सँडविच, खाऊ आणि पेय मिळून चार-पाच पौंडांत, आणि ते बागेत बसून खा. टेस्कोत क्लबकार्ड असलं की भाव कमी लागतो, ते ॲपवर फुकट काढता येतं. शाकाहारी सँडविचवर हिरवी खूण आणि नाव स्पष्ट असतं. नळाचं पाणी चांगलं आहे, बाटली घरून न्या. संध्याकाळी एकदा युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला जा, तिथे भेळपुरी आणि डोसा देणाऱ्या जुन्या शाकाहारी खानावळी आहेत. वडापावची आठवण अनावर झाली तर हाउन्सलोला श्री कृष्ण वडापाव आहे, विमानतळाच्या वाटेवरच. हॉटेलच्या बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क बऱ्याचदा आधीच मिळवलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, तेव्हा वर आणखी टिप ठेवू नका.

बॅग भरताना

तिथले सॉकेट तीन चौकोनी दांड्यांचे, ॲडॉप्टर दादर किंवा पुण्यातून घ्या, विमानतळावर घेऊ नका. पातळ पावसाळी जाकीट मेमध्येही लागतं. चालण्याचे बूट आधी महिनाभर वापरून मऊ केलेले असावेत, कारण दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात. स्वच्छतागृहं संग्रहालयांत आणि मोठ्या रेल्वे स्थानकांवर फुकट. प्रवास विमा काढाच, परक्या माणसाला तिथे दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर बिल फार मोठं येतं. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा बघू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे आहेत. दुकानाच्या दाराशी, भिंतीकडे तोंड करून बघा.

परतीच्या दिवशी मुलांच्या ओयस्टरवर उरलेले पैसे दहा पौंडांपर्यंत असतील तर स्टेशनच्या तिकीट यंत्रातूनच परत घेता येतात. त्यासाठी हीथ्रोच्या स्टेशनवर पोचल्यावर दहा मिनिटं हाताशी ठेवा.